आजीच्या ओव्या आणि पाच फ्लॉप्या

दिवाळीची साफसफाई म्हणजे आमच्या खामगावच्या घरात दरवर्षीचं भांडण. आई म्हणते फेका, बाबा म्हणतात ठेवा. यंदा भांडणाला कारण झाला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. आत पाच फ्लॉप्या. एकीवर बाबांच्या अक्षरात लिहिलेलं, ‘आईच्या ओव्या, 2003’.

तेव्हा बाबांचं डीटीपी सेंटर होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं, असलं काम. रात्री काम आटोपलं की आजी शेजारी बसून जात्यावरच्या ओव्या सांगायची अन् बाबा टाइप करायचे. मी तेव्हा पाळण्यात. मी दुसरीत असताना आजी गेली. त्या ओव्यांचं काय झालं, असं कुणी विचारलं की बाबांचं उत्तर ठरलेलं, ‘‘सेव्ह करून ठेवल्या हायेत.’’

आपल्या पिढीला फ्लॉपी माहीत आहे ती ‘सेव्ह’च्या चिन्हापुरती. साडेतीन इंची चौकोन, त्यात लोहचुंबकीय लेप दिलेली पातळ चकती, अन् जागा किती? 1.44 एमबी. आज मोबाइलवर काढलेला एक चांगला फोटोही त्यात मावत नाही. मजकूर मात्र शेकडो पानं बसायचा.

फ्लॉपी हातात होती, पण ती घालायची कुठं? माझ्या लॅपटॉपला तर सीडीचीही जागा नाही. गावातली चार दुकानं पालथी घातली. एका दुकानातल्या पोरानं ती उलटसुलट करून मलाच विचारलं, ‘‘ताई, हे काय हाय?’’ चौथ्या दुकानातल्या काकांनी माळ्यावरून जुना कॉम्प्युटर उतरवला. धूळ झटकली, फ्लॉपी आत सरकवली. कर्र-कर्र आवाज सुरू झाला आणि बाबा एकदम गप्प झाले. पाचपैकी तीन फ्लॉप्या बुरशीनं गेल्या होत्या. ओव्यांची उघडली!

आनंद दोन सेकंद टिकला. स्क्रीनवर ओव्या नव्हत्याच. इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, मध्येच उद्गारचिन्हं असा नुसता काला.

त्याचं कारण बाबांनी सांगितलं. तेव्हाचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. कोणत्या जागी कोणता आकार, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असतो, म्हणून आजचा मराठी मेसेज कुठल्याही फोनवर वाचता येतो. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 सालीच आली होती. पण आपल्याकडच्या डीटीपी सेंटरांत जुने फॉन्ट पुढंही कित्येक वर्षं चालले. म्हणजे आमच्या ओव्यांना दोन कुलपं होती, एक मशीनचं अन् एक फॉन्टचं.

नशीब, फाइलमध्ये फॉन्टचं नाव दिसत होतं. बाबांच्या एका जुन्या सोबत्याकडं तो सापडला. टाकला, आणि काल्यातून आजी बोलायला लागली. एकूण 41 ओव्या. माहेरच्या, भावाच्या, दोन तर चक्क बाबांच्या नावाच्या. बाबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत पुसला.

हे फक्त आपल्याच गावात होतं असं नाही. सोनीनं जपानमध्ये फ्लॉपी विकणं 2011 मध्ये बंद केलं, तरी तिथल्या सरकारी नियमांमधून ती हटायला 2024 उजाडलं. हजाराहून जास्त नियम बदलावे लागले.

आपल्याकडं याउलट उदाहरणही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या अनेकींचं ध्वनिमुद्रण केलं, संगणकावर नोंदी केल्या. 2017 पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात. त्या टिकल्या, कारण कुणीतरी त्या एका साधनातून दुसऱ्यात हलवत राहिलं. आम्ही मात्र ‘सेव्ह’ करून 22 वर्षं निर्धास्त बसलो.

आता ओव्या युनिकोडमध्ये आहेत. एक प्रत ईमेलवर, एक पेनड्राइव्हवर, एक कागदावर छापून. तुमच्याही कपाटात लग्नाची सीडी, बारशाची कॅसेट असेल. ती चालवणारं मशीन जवळपास कुणाकडं असेल, तर याच सुट्टीत उतरवून घ्या.

आमचं एक राहिलंच. शब्द मिळाले, चाल नाही. फ्लॉपीत आवाज नव्हताच. मेहकरच्या आत्याला दोन-तीन चाली आठवतात म्हणे. रविवारी जाते आहे. फोनवर तिनं बजावलंय, ‘‘ये, पण मोबाइल पुरा चार्ज करून आण. मले घडीघडी म्हणता येत नाही.’’