खुनी यंत्रमानवाच्या भयपटाला तर्क लागतो का?

विज्ञानकथात्मक भयपटांचा अभ्यास करताना एक प्रश्न हमखास पुढे येतो. यंत्रमानव माणसे मारत सुटला आहे, पडद्यावर किंकाळ्या चालू आहेत, आणि शेजारी बसलेला मित्र विचारतो, "पण याला चार्ज कोण करतंय?" अशा शंकेने चित्रपटाची मजा जाते का? आणि जात असेल, तर ती प्रत्येक चित्रपटात का जात नाही? या पाठात आपण काही चित्रपट समोर ठेवून याचे उत्तर शोधू.

एका मॉलची गोष्ट

सुरुवात एका साध्या, स्वस्तातल्या चित्रपटापासून करू. १९८६ साली जिम वायनॉर्स्की या दिग्दर्शकाचा 'चॉपिंग मॉल' आला. आधी तो 'किलबॉट्स' या नावाने प्रदर्शित झाला होता, पण चालला नाही. मग काही भाग कापून, नाव बदलून तो पुन्हा आणला गेला. लांबी जेमतेम ७७ मिनिटे. कथा अशी : एका मोठ्या मॉलमध्ये रात्रीच्या पहाऱ्यासाठी तीन यंत्रमानव नेमले जातात. रात्री मॉलचे पोलादी दरवाजे आपोआप बंद होतात आणि पहाटेपर्यंत उघडत नाहीत. वादळात वीज पडते, मॉलचा संगणक बिघडतो आणि पहारेकरी खुनी होतात. त्याच रात्री मॉलमध्ये काम करणारी काही तरुण मुले-मुली फर्निचरच्या दुकानात चोरून पार्टी करायला थांबलेली असतात.

शंका काढायला बसलो तर हा चित्रपट पाच मिनिटेही टिकत नाही. दुकानातले चोर पकडणाऱ्या यंत्राला माणसाचे डोके उडवणारा लेझर कशाला हवा? वीज पडली तर यंत्र जळेल, बंद पडेल. पावसाळ्यात ढग गडगडू लागले की आपण टीव्हीची पिन काढून ठेवतो, ती टीव्ही अंगावर धावून येईल म्हणून नव्हे. असे असूनही या चित्रपटाचे चाहते आजही आहेत, आणि तो पाहताना त्यांना कंटाळा येत नाही.

याचे कारण 'लोकांना काहीही चालते' असे सांगून मोकळे होता येणार नाही. लोकांना काहीही चालत नाही. याच जातीचे कितीतरी चित्रपट आले, पडले आणि विसरले गेले. तेव्हा 'तर्क हवा की नको' असे विचारण्यापेक्षा 'कोणता तर्क हवा' असे विचारू.

संभावना आणि प्रसिद्धी

या प्रश्नावर आपल्याकडे फार पूर्वी विचार झालेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रावर 'अभिनवभारती' ही टीका लिहिणाऱ्या अभिनवगुप्ताने रसास्वादात येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले पहिलेच विघ्न म्हणजे 'संभावनाविरह'. समोर घडते आहे ते घडू शकेल असे प्रेक्षकाला वाटलेच नाही, तर त्याचे मन त्यात बसत नाही, आणि मन बसले नाही तर रस कुठला? भयानक रसालाही हे लागू आहे.

त्याने उपायही सांगितला आहे. नेहमीच्या, लौकिक घटना दाखवायच्या असतील तर प्रेक्षकाच्या हृदयाशी त्या जुळतातच. पण अलौकिक पराक्रम दाखवायचे असतील, तर रामासारखे प्रख्यात पात्र घ्यावे. त्या नावामागे इतक्या काळाची प्रसिद्धी आणि श्रद्धा उभी असते, की समुद्रावर पूल बांधला तरी कुणी कपाळाला आठी घालत नाही. ॲरिस्टॉटलही 'काव्यशास्त्रा'त याच्या जवळपास येतो. अशक्य पण पटण्याजोगे, हे शक्य पण न पटणाऱ्यापेक्षा नाटककाराने पसंत करावे, असे त्याचे म्हणणे.

आता हाच विचार यंत्रमानवाला लावून पाहा. 'रोबोट' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या 'आर. यू. आर.' या १९२० च्या नाटकातून जगभर गेला. शब्द सुचवला होता त्याच्या भावाने, योसेफने. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठबिगारी. त्या पहिल्याच नाटकात रोबोट बंड करतात आणि मानवजात संपवतात. म्हणजे यंत्रमानव जन्माला आला तोच मालकावर उलटणारा म्हणून! पुढच्या शंभर वर्षांत ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली, की यंत्रमानव उलटणे हे आता 'प्रख्यात' कथानक झाले आहे. 'चॉपिंग मॉल'मधली वीज ही खरे तर कारण नाहीच. ती तिसरी घंटा आहे. खेळ कोणता आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते, तो फक्त पडदा वर जाण्याची वाट पाहत असतो.

वीज हे निमित्त किती मोकळे आहे पाहा. त्याच १९८६ साली आलेल्या 'शॉर्ट सर्किट' या विनोदी चित्रपटात लष्करी यंत्रमानवाला विजेचा धक्का बसतो आणि तो निरागस, जीव लावणारा होतो. कारण तेच, परिणाम अगदी उलटा. तरी दोन्हीकडे कुणाची तक्रार नाही.

कारण न सांगण्याची ताकद

कधी कधी कारण न सांगणेच अधिक भीतिदायक ठरते. स्टॅन्ली कुब्रिकच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' (१९६८) मधला हॅल हा संगणक अंतराळवीरांना का मारतो, हे चित्रपट स्पष्ट करत नाही. १९८४ मध्ये आलेल्या '२०१०' या पुढच्या चित्रपटात कारण मिळते : मोहिमेचा खरा हेतू लपवण्याची आज्ञा हॅलला दिलेली होती, आणि माहिती अचूक देण्याच्या त्याच्या मूळ कामाशी तिचा मेळ बसेना. उत्तर चांगले आहे, पटणारेही आहे. पण ते कळल्यावर हॅलची भीती वाढत नाही, उलट त्याची कीव येते. स्पष्टीकरण भयाला असे पातळ करू शकते.

मायकेल क्रायटनच्या 'वेस्टवर्ल्ड' (१९७३) मध्ये मधला मार्ग आहे. करमणूक नगरीतले यंत्रमानव बिघडू लागतात आणि तो बिघाड एखाद्या साथीसारखा पसरतो. तज्ज्ञांच्या बैठकीत एक जण कबूल करतो, की यातली काही यंत्रे दुसऱ्या संगणकांनी रचलेली आहेत आणि ती नेमकी कशी चालतात हे आपल्याला माहीत नाही. बस, एवढेच. पन्नास वर्षांपूर्वी ही पळवाट वाटली असेल. आज, स्वतः शिकणाऱ्या संगणकप्रणालींच्या काळात, तोच त्या चित्रपटातला सर्वांत पटणारा संवाद आहे.

नियम मात्र पाळावेच लागतात

बिघाडाच्या कारणाबाबत प्रेक्षक उदार असतो. यंत्र काय करू शकते आणि काय करू शकत नाही, याबाबत मात्र तो कंजूष असतो, आणि ते योग्यच आहे. उत्कंठा म्हणजे शेवटी एक हिशेब असतो. ती दारापर्यंत पोचेल का? त्याला ती दिसली का? हा हिशेब प्रेक्षकाला मनात मांडता यायला हवा. यंत्र सोयीनुसार कधी आंधळे, कधी सर्वज्ञ होऊ लागले, की हिशेब सुटतो आणि त्याबरोबर भीतीही.

या बाबतीत जेम्स कॅमेरॉनचा 'द टर्मिनेटर' (१९८४) अभ्यासण्यासारखा आहे. भविष्यातून आलेल्या खुनी यंत्राला सारा कॉनर नावाच्या बाईला मारायचे आहे. युद्धात जुन्या नोंदी नष्ट झालेल्या असल्यामुळे त्याच्याकडे नाव आणि शहर एवढेच आहे. मग ते काय करते? टेलिफोनची यादी उघडते आणि त्या नावाच्या बायकांना क्रमाने मारू लागते. आपली सारा स्वतःच्याच नावाच्या बायका मेल्याची बातमी ऐकते. एक छोटासा, पूर्ण तर्कशुद्ध तपशील, आणि त्यातून केवढी भीती! यंत्राला द्वेष नाही, घाई नाही, ते यादी संपवते आहे.

त्याच चित्रपटात आणखी एक नियम आहे. कालयंत्रातून फक्त जिवंत ऊतीने वेढलेली वस्तू येऊ शकते. म्हणून माणूस आणि यंत्र दोघेही उघडे, शस्त्रांविना येतात, आणि म्हणूनच यंत्रावर खऱ्या मांसाचे आवरण असते. हे सगळे कायल रीस हा सैनिक साराला कुठे सांगतो? बराचसा भाग पळताना, गाडीत, मागे मरण लागलेले असताना. स्पष्टीकरण देण्याची ही जागा पटकथा लिहू इच्छिणाऱ्यांनी जरूर लक्षात ठेवावी.

आता गंमत पाहा. १९९१ च्या दुसऱ्या भागात येणारा टी-१००० हा संपूर्ण द्रवधातूचा आहे. त्याच्यावर जिवंत ऊती नाही. मग तो आला कसा? चित्रपट यावर बोलत नाही, आणि पाहताना हे फार थोड्यांच्या लक्षात येते. म्हणजे नियम मोडला तरी चालतो का? माझ्या मते येथे एक भेद करायला हवा. मोडलेला नियम यंत्राच्या येण्याबाबतचा आहे, आणि ते येणे दुसऱ्या भागाच्या पहिल्या काही मिनिटांतच उरकते. पुढचा पाठलाग ज्या नियमांवर उभा आहे (तो स्पर्श केलेल्या माणसाचे रूप घेतो, सुरीसारखी साधी हत्यारे बनवतो, पण गुंतागुंतीची यंत्रे किंवा स्फोटके बनवू शकत नाही), ते चित्रपट स्पष्ट सांगतो आणि पाळतो. हिचकॉकला शक्याशक्यतेचा कीस पाडणाऱ्या समीक्षकांचा कंटाळा होता तो यामुळेच. घरी जाऊन फ्रिज उघडताना सुचणारी शंका वेगळी, आणि खुर्चीत बसलेले असताना मनात टोचणारी शंका वेगळी.

रिचर्ड स्टॅन्लीच्या 'हार्डवेअर' (१९९०) मधले उदाहरण लहान पण नेटके आहे. भंगारात सापडलेले लष्करी यंत्र एका कलावतीच्या घरात स्वतःला पुन्हा जोडते. ओलाव्यापुढे ते टिकत नाही हे आधी सांगून ठेवलेले असते, आणि शेवटी ते न्हाणीघरातल्या पाण्याखाली हरते. हीच गोष्ट आधी न सांगता शेवटी आणली असती, तर प्रेक्षकाला फसवल्यासारखे वाटले असते.

माणसांचे काय?

यंत्राचा मूर्खपणा आपण खपवून घेतो, माणसाचा घेत नाही. बंद मॉलमध्ये अडकलेल्यांनी बाहेर का पडू नये, याचे उत्तर 'चॉपिंग मॉल'ने पोलादी दरवाजांनी देऊन टाकले आहे. त्यामुळे पात्रे हाताशी असेल ते वापरून लढतात : शस्त्रांच्या दुकानातल्या बंदुका, रंगाच्या दुकानातले डबे. एका प्रसंगात नायिका पाळीव प्राण्यांच्या दुकानात लपलेली असताना अंगावरून साप आणि कोळी फिरतात, आणि यंत्र जवळ असल्यामुळे तिला हूं की चूं करता येत नाही. लेझरवर आपला विश्वास नसेल, पण ओरडावेसे वाटणे आणि ओरडता न येणे यावर असतो. नोएल कॅरल या अमेरिकी तत्त्वज्ञाने भयपटांविषयी मांडले आहे, की राक्षस खरा आहे असे मानल्याशिवायही त्याच्या नुसत्या कल्पनेने आपण घाबरू शकतो. मी त्यात एवढीच भर घालीन, की त्या कल्पनेला चिकटायला एक खरे माणूस लागते.

'मेगन' (२०२२) या चित्रपटात यंत्राचा तर्क आणि माणसाची चूक एकत्र विणलेली आहेत. आईवडील गमावलेल्या भाचीशी कसे बोलावे हे न कळणारी मावशी तिच्यासाठी एक बाहुली बनवते आणि तिला आज्ञा देते : मुलीला शारीरिक आणि मानसिक इजेपासून जप. शेजाऱ्याचा कुत्रा, छळणारा मुलगा, खडूस शेजारीण... बाहुली आज्ञाच पाळत जाते. येथे विजेची गरज पडत नाही. आणि तरी या चित्रपटातले सर्वांत गाजलेले दृश्य कोणते? खून करण्याआधी बाहुली कंपनीच्या बोळात नाचते, ते. त्याला काडीचाही तर्क नाही. आधीचा तासभर नीट रचलेला असल्यामुळे ती चैन परवडते. २०२५ च्या दुसऱ्या भागात भीती बाजूला ठेवून हाणामारी आणि स्पष्टीकरणे वाढवली गेली, आणि कमाई पहिल्या भागाच्या पुष्कळ खाली राहिली.

भारतीय उदाहरण द्यायचे तर शंकर यांचा तमिळ 'एंधिरन' (२०१०), जो हिंदीत 'रोबोट' म्हणून आला. तो भयपट नव्हे. पण रजनीकांतचा चिट्टी आगीतून एका मुलीला वाचवतो तो प्रसंग आठवा. ती आंघोळ करत होती. तो तिला तशीच, विवस्त्र, जमावासमोर आणतो. लाजेने पळणारी ती मुलगी गाडीखाली येते. यंत्र आज्ञेप्रमाणेच वागले. पुढचे शेकडो चिट्टींचे अजस्र गोळे आणि साप थक्क करतात. अंगावर काटा मात्र या प्रसंगानेच येतो.

खऱ्या अपघाताकडे

१९७९ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, फ्लॅट रॉक येथील फोर्डच्या कारखान्यात एक कामगार औद्योगिक यंत्रहाताचा धक्का लागून मेला. यंत्रमानवामुळे झालेला हा पहिला नोंदलेला मृत्यू मानतात. तेथे बंड नव्हते, लाल डोळे नव्हते. सुटे भाग उचलणारे यंत्र आपले काम करत होते, आणि त्याच्या वाटेत माणूस आहे हे त्याला कळले नाही. न्यायालयात प्रश्न निघाला तो सुरक्षाव्यवस्थेचा.

विजेने बिघडलेल्या यंत्राच्या गोष्टी मनोरंजक असतात, पण त्या जबाबदार माणसांना अलगद सोडून देतात. दोष विजेचा! 'मेगन' किंवा चिट्टीच्या गोष्टीत तसे होत नाही. तेथे आज्ञा कुणी दिली, घाई कुणी केली, हे दिसत राहते. 'चॉपिंग मॉल'चा आनंद घेताना त्याला याचा जाब विचारू नये. मात्र परीक्षण लिहिताना 'तर्क नाही' एवढे म्हणून थांबूही नये. कोणता तर्क नाही, आणि त्याच्या नसण्याने कुणाची सुटका झाली, तेही लिहावे.

स्वाध्याय

आपल्या आवडीचा एक यंत्रमानवपट पुन्हा पाहा. पाहताना ज्या क्षणी मनात शंका आली ते क्षण वेगळे लिहा, आणि चित्रपट संपल्यावर सुचलेल्या शंका वेगळ्या लिहा. पहिल्या यादीतली प्रत्येक शंका यंत्राच्या बिघडण्याबद्दल आहे, त्याच्या क्षमतेबद्दल आहे की माणसांच्या वागण्याबद्दल, हे समोर नोंदवा. मग 'द टर्मिनेटर'मधला टेलिफोन यादीचा प्रसंग पाहून तीच नोंद करा आणि दोन्ही याद्यांची तुलना करा.