पाणथळीतील रानफुले : दिसली नाहीत म्हणजे संपली का?



गंभीर नदीवरील यशवंत सागर आणि इंदूरचा सिरपूर तलाव यांना २०२२ साली रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. पाणथळ म्हटली की आपल्याला पक्षी आठवतात. पण काही महिने पाण्याखाली आणि काही महिने उघडी राहणारी काठाची जमीन हे रानफुलांचेही घर आहे. त्यांतला तालीमखाना सर्वांच्या ओळखीचा. काही फुले मात्र जगात मोजक्याच जागी उगवतात.

साताऱ्याजवळील कास पठारावरचा वायतुरा असाच आहे. शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन १९८२ साली केले. त्याचा तुरा दुबेळक्यासारखा फुटतो. पावसाळ्यात उथळ पाण्यात तो फुलतो आणि पाणी आटले की दिसेनासा होतो. पण मेलेला नसतो. त्याचा कंद चिखलात झोपलेला असतो. इतर अनेक झाडांचे बीही असेच मातीत वर्षानुवर्षे टिकते. म्हणून एका वर्षी फुले कमी दिसली तर घाबरू नये. जमिनीखालची शिल्लक शाबूत आहे ना, हे पाहावे.

ही शिल्लक कशी सांभाळावी? इंग्लंडात थेम्स नदीच्या पूरक्षेत्रात, क्रिकलेड गावाजवळ, नॉर्थ मेडो नावाचे कुरण आहे. तेथे फ्रिटिलरी नावाचे दुर्मीळ फूल मोठ्या संख्येने टिकून आहे. बियांपासून उगवलेल्या रोपाला फूल यायला काही वर्षे लागतात. तेथील शेतकरी फुलांचे बी गळून पडल्यावरच, जुलैत, गवत कापतात आणि मग गुरे सोडतात. हे कुरण नांगरले असते, तर अनेक वर्षांची ही कमाई एका दिवसात गेली असती.

मग चराई अजिबात बंद करावी काय? तसेही नाही. कासवर कुंपण घालून गुरे अडवली होती. पुढे गवत माजले, फुले कमी झाली अशी तक्रार आली आणि कुंपण काढावे लागले. उंच गवताच्या सावलीत लहान रोपे दबून जातात. थोडी चराई औषधासारखी असते. मात्रा आणि वेळ सांभाळावी लागते.

आपण एवढे करू शकतो :

१. नाल्याच्या किंवा तलावाच्या अगदी काठापर्यंत नांगर नेऊ नये. चार-पाच पावलांचा गवताळ पट्टा राखावा.

२. त्या पट्ट्यातील गवत बी पडल्यावर कापावे. फुलोऱ्यात गुरे दूर ठेवावीत.

३. तेथे तणनाशक फवारू नये, खतही टाकू नये. खताने जोमदार गवत वाढते आणि नाजूक फुलांना जागा उरत नाही.

४. ओल्या खळग्यात भराव टाकू नये, चर खणून त्याचे पाणी काढू नये.

५. सुंदर दिसले म्हणून कंद उपटून अंगणात लावू नये.

यात आपलाही लाभ आहे. गवताळ पट्टा शेताची माती अडवतो. खत आणि गाळ तलावात कमी जातो, आणि यशवंत सागराचे पाणी तर इंदूरकर पितात. येत्या पावसाळ्यात काठावर अनोळखी फूल दिसले, तर ते न तोडता जागा ध्यानात ठेवा आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाहून या.