माझी गिटारसाधना

माणसाने कोणत्या वयात काय शिकावे याला काही धरबंध असावा, असे आमच्या घरचे मत आहे. साठी उलटल्यावर मी गिटार हाती घेतली तेव्हा आमच्या सौभाग्यवतीने एवढेच विचारले, "शेजारच्यांना सांगून ठेवू का?"

गिटार माझी नव्हे, चिरंजीवांची. तो बारावीत असताना मीच ती खोळीत घालून माळ्यावर टाकली होती. 'परीक्षा झाली की काढ,' म्हणालो होतो. परीक्षा झाली, नोकरी लागली, स्वारी बंगळूरला गेली. गिटार माळ्यावरच राहिली. त्या वेळी तो बीटल्सचे 'यस्टरडे' बसवत होता. अर्धेच बसले होते. ते उरलेले अर्धे माझ्या मनात बरीच वर्षे सलत होते. शेवटी ठरवले, ते आपणच पुरे करायचे.

गल्लीतल्या क्लासचे मास्तर पंचविशीतले. "काका, दोनच मिनिटांचे तर गाणे आहे!" ते म्हणाले. त्या दोन मिनिटांना मला आठ महिने लागले.

या गाण्याची जन्मकथा मोठी गमतीची आहे. पॉल मॅकार्टनीला त्याची चाल झोपेत सुचली. जागा झाल्यावर त्याला वाटले, ही आपण कोठेतरी ऐकलेली असणार. म्हणून तो लोकांना ती ऐकवून विचारी, ही कोणाची? कोणाचीच निघेना! शब्द सुचेपर्यंत त्याने तिला 'स्क्रॅम्बल्ड एग्ज', म्हणजे आपली अंड्याची भुर्जी, असे नाव ठेवले होते. १४ जून १९६५ रोजी लंडनच्या ई. एम. आय. स्टुडिओत गाणे मुद्रित झाले. चौघा बीटल्सपैकी त्यात तो एकटाच. मागाहून दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो यांची साथ जोडली गेली.

मॅकार्टनी डावखुरा. त्यामुळे चित्रफितीत तो समोर वाजवू लागला की आरशात पाहिल्यासारखे वाटते आणि माझ्यासारख्या नवशिक्याला नक्कल करणे सोपे जाते. त्याने सहाही तारा पूर्ण एका सुराने उतरवल्या होत्या. म्हणून बोटे 'जी' कॉर्डची आणि कानी येतो 'एफ'. येथवर ठीक. पण दुसऱ्याच आवर्तनात 'एफ शार्प मायनर' येतो. मास्तरांच्या पद्धतीने त्यासाठी तर्जनी दुसऱ्या पडद्यावर सगळ्या तारांवर आडवी दाबावी लागे. पहिले दोन महिने त्यातून सूर न निघता नुसता 'ठक्' असा आवाज निघे. बोटांची टोके सोलली, मग त्यांवर घट्टे पडले.

तरी एक दुखणे राहिलेच. चार-चार ठोक्यांची आठ आवर्तने हवीत, तर कडव्यात माझी सातच भरत. मास्तरांना विचारायची लाज वाटली. शेवटी एक आवर्तन पदरचे घालून मी हिशेब जुळवला.

गेल्या दिवाळीला चिरंजीव आले. फराळ झाल्यावर मी धीर करून गिटार घेतली. पहिले कडवे संपते न संपते तोच तो हसला. "अहो बाबा, आठवे कुठून आणलेत? याचे कडवे सातच आवर्तनांचे आहे!"

म्हणजे मी चुकत नव्हतोच! कान आठव्याची वाट पाहत असतात आणि पुढचे कडवे सुरूही झालेले असते. बहुधा म्हणूनच हे गाणे अशी हुरहूर लावते.

"तेव्हा तुला पुरे करू द्यायला हवे होते," मी म्हटले.

तो काही बोलला नाही. माझा डावा हात हाती घेऊन त्याने बोटांवरचे घट्टे चाचपले. "दुखतात अजून?"

"आता नाही."

मग गिटार त्याने मांडीवर घेतली. एफ शार्पला त्याचेही बोट अडखळले. मला, खरे सांगतो, बरे वाटले.

आतून सौभाग्यवतीचा आवाज आला, "शेजारच्यांना सांगू का?"

"सांग," मी म्हटले, "आता दोघे आहेत म्हणावे!"