अर्ध्या विचाराचा पत्ता

एक कोडं घ्या. तुम्ही एका अरुंद वाटेवर उभे आहात. पाऊल टाकायचं ते फक्त डावीकडे किंवा उजवीकडे. दोन पावलं डावीकडे सरकलात तर कडा, दोन पावलं उजवीकडे सरकलात तर विहीर. आणि पावलांची यादी आधीच लिहून द्यायची आहे. सोपं वाटतं: डावं, उजवं, डावं, उजवं. पण यादी हातात पडल्यावर समोरचा म्हणतो, मी यातलं दर दुसरंच पाऊल तुम्हाला टाकायला लावणार. ती सगळी निघतात उजवी, आणि तुम्ही थेट विहिरीत. दर दुसरं, दर तिसरं, दर पाचवं, आकडा कोणता तो समोरच्याने ठरवायचा. त्याने काहीही निवडलं तरी जीव वाचेल अशी यादी किती लांबवता येईल?

कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर ११ पावलांपर्यंत जमतं. उजवं, डावं, डावं, उजवं, डावं, उजवं, उजवं, डावं, डावं, उजवं, उजवं. आता १२वं टाकून पाहा. समोरच्याने दर सहावं पाऊल घेतलं, तर सहावं उजवं आहे म्हणून बारावं डावं हवं. त्याने दर तिसरं घेतलं, तर नववं डावं आहे म्हणून बारावं उजवं हवं. सुटका नाही. यादी दुसरी कुठलीही करा, १२व्याला अडकणारच.

कडा आणि विहीर एकेक पाऊल लांब नेली तर? लिव्हरपूलच्या बोरिस कोनेव आणि अलेक्सेई लिसित्सा यांनी २०१४ मध्ये संगणकाला कामाला लावलं आणि उत्तर काढलं: १,१६० पावलांपर्यंत वाचता येतं, १,१६१व्याला नाही. ती सिद्धता १३ गिगाबाइटची झाली. कुणा माणसाने ती वाचून काढणं शक्यच नव्हतं. आणि ही तर फक्त दुसरी पायरी. हंगेरीचे पॉल अर्डिश यांनी १९३०च्या दशकातच म्हणून ठेवलं होतं की कडा आणि विहीर कितीही लांब न्या, अनंत काळ वाचवणारी यादी होणारच नाही. सिद्ध करणाऱ्याला त्यांनी ५०० डॉलरचं बक्षीसही लावलं होतं. सुमारे ८० वर्षं ते तसंच राहिलं. सप्टेंबर २०१५ मध्ये टेरेन्स टाओ यांनी ते सिद्ध केलं, आणि त्याची किल्ली त्यांना मिळाली स्वतःच्या ब्लॉगवर.

टाओ लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गणित शिकवतात. २००६ साली त्यांना फील्ड्स पदक मिळालं. इतका मान मिळालेल्या माणसाने आता पूर्ण झालेलं, घोटून गुळगुळीत केलेलं तेवढंच जगासमोर ठेवावं, असं कुणालाही वाटेल. ते २००७ पासून ब्लॉग लिहितात, आणि तिथे नेमकं उलट दिसतं. वर्गातली टिपणं, एखाद्या जुन्या सिद्धतेकडे पाहण्याची नवी बाजू, सहकाऱ्यांबरोबर चाललेल्या कामाचा हालहवाल, एखादी युक्ती कुठे अडली त्याची नोंद. सप्टेंबर २०१५च्या अशाच एका पोस्टखाली जर्मनीतल्या एका गणितशिक्षकाने लिहिलं: तुम्ही इथे जी सुडोकूसारखी पद्धत वापरली आहे, ती अर्डिश यांच्या त्या प्रश्नाशी जुळते की काय? टाओ यांना आधी वाटलं, साम्य वरवरचं आहे. मग त्यांनी पुन्हा विचार केला. दोन आठवडेही लागले नाहीत, सिद्धता ब्लॉगवर आली. शोधनिबंधात त्या शिक्षकाचं नाव घेऊन आभार आहेत.

मला या गोष्टीत सगळ्यात विलक्षण वाटतो तो शिक्षकाचा प्रश्नही नव्हे. विलक्षण आहे ती पाच वर्षांपूर्वीची अडगळ. जानेवारी २०१०च्या सुमारास केंब्रिजचे टिमोथी गॉवर्स यांनी आपल्या ब्लॉगवर हाच प्रश्न सगळ्यांपुढे सोडवायला मांडला होता. त्याआधी वर्षभर, जानेवारी २००९ मध्ये, त्यांनी विचारलं होतं की पुष्कळ जणांना उघड्यावर एकत्र बसून गणित करता येईल का. पहिल्या प्रयोगाला दोन महिन्यांच्या आत यश आलं. त्यांनी घालून दिलेल्या नियमांचा सूर असा होता: कोपऱ्यात बसून सगळं पक्कं करून आणू नका, सुचलेलं छोटंसं, कच्चं, चुकीचंही असेल, ते लगेच लिहा. अर्डिश यांच्या प्रश्नावर मात्र गाडं अडलं. बरीच चर्चा झाली, आकडेमोड झाली, हळूहळू लोक पांगले. पण त्या काळात टाओ यांनी एक गोष्ट लिहून ठेवली होती: सगळ्या शक्य याद्या तपासायची गरज नाही, गुणाकाराला धरून वागणाऱ्या एका खास प्रकारच्या याद्यांचं पाहिलं तरी पुरे. तेव्हा तिचा उपयोग झाला नाही. २०१५ मध्ये तीच सिद्धतेचा कणा झाली.

फसलेल्या प्रयत्नाचे कागद आपण काय करतो? टाकून देतो. इथे ते टाकले गेले नाहीत, एवढंच नव्हे तर ते कुणालाही सापडतील अशा जागी, ठरलेल्या पत्त्यावर पडून होते. वैयक्तिक ब्लॉगची खरी ताकद मला इथे दिसते. रोज किती लोक आले यावर ती मोजता येत नाही. पोस्ट लिहिली त्या आठवड्यात तिला दहा वाचक मिळतील, पण तिचा खरा वाचक कदाचित सहा वर्षांनी येणार आहे, आणि तो येईल तेव्हा ती जागेवर असायला हवी.

जागेवर असणं ही गोष्ट साधी नाही. सुरुवातीच्या ब्लॉगांत नवं वर, जुनं खाली, असं एकच लांबलचक पान असे. खालचं कुठे सरकून जाई ते सांगता येत नसे. २०००च्या सुमारास प्रत्येक पोस्टला स्वतःचा कायमचा दुवा देण्याची पद्धत आली, आणि दुसऱ्याच्या नेमक्या एका पोस्टकडे बोट दाखवणं शक्य झालं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच कळकळीने लिहिलं होतं की चांगले पत्ते बदलत नाहीत, माणसंच ते बदलतात. ब्लॉग नव्या घरी हलवताना जुने पत्ते मोडू देणं म्हणजे इतरांनी आपल्याकडे दाखवलेली सगळी बोटं तोडणं. स्वतःचं डोमेन घ्यावं ते याचसाठी. पुढे सेवा बदलली तरी पत्ता आपल्याकडेच राहतो.

मराठी ब्लॉगच्या बाबतीत याच्याही आधीची एक अडचण होती. वीसेक वर्षांपूर्वी पुष्कळ मराठी मजकूर पडद्यावर मराठी दिसे, पण आत साठवलेली असत रोमन अक्षरं. विशिष्ट फॉन्ट त्यांना देवनागरीचा वेश चढवी. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर नुसता अक्षरांचा चिवडा. सर्च इंजिनलाही तो चिवडाच दिसे. म्हणजे मजकूर जगासमोर होता आणि कुणालाही सापडणार नव्हता. युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला. 'म'चा क्रमांक २३५०. प्रवासात तो तीन तुकड्यांत जातो: २२४, १६४, १७४. ही तुकडे करण्याची रीत, यूटीएफ-८, केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत ताटाखालच्या कागदावर मांडली. तुम्ही 'म' टाइप करता तेव्हा नाशिकहून निघालेले ते तीन आकडे टोरांटोत कुणाच्या फोनवर पुन्हा 'म' होतात, आणि मधल्या कुठल्याही यंत्राला मराठी यावी लागत नाही. हे रोज होतं म्हणून आपल्याला त्याचं नवल वाटेनासं झालंय. मला मात्र ते अजून वाटतं.

याच तीन आकड्यांचा एक उपद्रवही आहे, आणि तो ब्लॉग चालवणाऱ्याने ओळखून असावा. दुव्यात देवनागरी अक्षर गेलं की त्याचा प्रत्येक तुकडा टक्क्याच्या खुणेसह तीन चिन्हांत लिहिला जातो, म्हणजे एका वर्णाची नऊ चिन्हं. 'मराठी' या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच वर्ण आहेत. दुवा कॉपी करून कुणाला पाठवला की त्याची अनेकदा ४५ चिन्हांची शेपटी होते. वर्डप्रेसमध्ये दुव्याच्या या भागाला २०० चिन्हांची मर्यादा आहे, त्यामुळे मराठी शीर्षक साधारण बाविसाव्या वर्णानंतर दुव्यातून कापलं जातं. प्रकाशित करण्याआधी दुवा हाताने आखूड करून घ्यावा. एका मिनिटाचं काम आहे, आणि पत्ता कायमचा सुटसुटीत होतो.

शीर्षकात मात्र कंजुषी नको. 'मनातलं काही, भाग ७' हे कुणीच शोधणार नाही. 'मातीच्या भिंतीला ओल आली तेव्हा काय केलं' हे शोधणारा माणूस पुढच्या पावसाळ्यात कुठल्या तरी गावात नक्की असेल, आणि त्याला हवे असतील तेच तपशील: चुना किती घेतला, तो कुठून आणला, कोणता उपाय फसला. फसलेला उपाय गाळू नका. घरातल्या मोडी कागदांत न लागलेला शब्द, गावच्या ओढ्याकाठी दिसलेलं आणि न ओळखलेलं झाड, आजीच्या ओवीतली विसरलेली ओळ, हे न सुटलेलंच मांडावं. मराठीत अशा गोष्टींचा साठा घराघरांत आहे आणि वेबवर त्यातलं फार थोडं आलंय. ज्याच्याकडे उरलेला अर्धा भाग आहे त्याला सापडण्यासाठी आपला अर्धा भाग बाहेर असावा लागतो.

नव्या पोस्टची खबर वाचकाला पोचवायचं जुनं आणि अतिशय सुरेख यंत्र म्हणजे फीड. ब्लॉग आपल्या ताज्या पोस्टांची एक छोटी फाइल ठरलेल्या जागी ठेवतो. वाचकाचं ॲप थोड्या थोड्या वेळाने येऊन पाहतं, नवं काही आहे का. मध्ये कुणी ठरवणारा नाही की तुम्हाला काय दाखवावं. गूगलने आपला फीड-वाचक १ जुलै २०१३ला बंद केला तेव्हा पुष्कळांना वाटलं हे संपलं. पण तंत्र कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं, म्हणून ते टिकलं. पॉडकास्ट आजही आरएसएस या फीडच्याच प्रकारावर चालतात. वर्डप्रेस, ब्लॉगर दोन्हींत फीड आपोआप तयार होते.

सेवा मात्र बंद पडतात. याहूने २००९च्या ऑक्टोबरात जिओसिटीज बंद केलं तेव्हा लोकांनी हौसेने बांधलेली लाखो पानं जाणार होती. काही स्वयंसेवकांनी अहोरात्र जमेल तितकी उतरवून घेतली म्हणून त्यातली बरीच वाचली. आपल्या ब्लॉगची पूर्ण प्रत वर्षातून एकदा तरी उतरवून घरी ठेवावी, आणि महत्त्वाच्या पानाचा दुवा इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनला द्यावा. ते त्या दिवशीची प्रत जपून ठेवतं, फुकट.

जुन्या पोस्टकडे परत जाणं मला नवी लिहिण्याइतकंच मोलाचं वाटतं. कुणी चूक दाखवली तर तारीख घालून खाली दुरुस्ती लिहावी, नव्याने काही कळलं तर दुवा जोडावा. टाओ हे सातत्याने करतात. वाचकांनी शोधलेल्या चुका दुरुस्त होत होत त्यांच्या ब्लॉगच्या पहिल्या वर्षाचं पुस्तकही झालं.

आणि २०१५ची गोष्ट एकदाच घडली असंही नाही. कोलात्झचा प्रश्न शाळकरी मुलालाही कळतो: कुठलीही संख्या घ्या, सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, आणि हेच करत राहा, दर वेळी शेवटी १ येतो का? २०११ मध्ये टाओ यांनी त्यावर ब्लॉगवर लिहिलं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कुणा निनावी वाचकाने त्यांच्या ब्लॉगवर सुचवलं की सगळ्या संख्यांचा हट्ट सोडा, जवळजवळ सगळ्यांचं काही सिद्ध करता येतं का पाहा. टाओ यांनी त्याला उत्तर दिलं नाही, पण प्रश्न पुन्हा हातात घेतला, आणि पुढच्याच महिन्यात त्या दिशेने तोवरचा सगळ्यात मोठा निष्कर्ष मांडला. त्या वाचकाने आपलं नाव मागे ठेवलं नाही.