समुद्राला लागून म्हणजे किती लांब?

कोकण किनाऱ्यावर सहकुटुंब चार दिवस राहण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या घरांच्या जाहिरातींत ‘सी-टच’, ‘बीच-फेसिंग’, ‘सी-व्ह्यू’ हे शब्द इतक्या सर्रास येतात, की त्यांना कोणीतरी ठरवून दिलेला अर्थ असावा असा वाचणाऱ्याचा समज होतो. प्रत्यक्षात ते जाहिरातदाराचे शब्द आहेत आणि प्रत्येक जाहिरातदार ते आपापल्या सोयीने वापरतो. दिवेआगर किंवा गुहागर यांसारख्या गावांची रचना पाहिली, म्हणजे हा घोळ कसा होतो ते ध्यानात येते. गावाचा मुख्य रस्ता किनाऱ्याला साधारण समांतर जातो, रस्त्यालगत घर असते, घरामागे नारळी-पोफळीची अरुंद पण लांबलचक वाडी असते, वाडीच्या टोकाला सुरूचे बन आणि बनापलीकडे पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, लागतो. अशा घराची मागची हद्द किनाऱ्याला भिडलेली असल्याने मालक त्याला ‘सी-टच’ म्हणतो, आणि त्याच्या दृष्टीने ते खोटेही नसते. परंतु पडवीतून समुद्र दिसत नाही, रात्री फक्त त्याची गाज ऐकू येते, आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला पाण्यापर्यंत जायचे तर पाटाच्या कडेने अख्खी वाडी ओलांडून शेवटी कोरड्या, पाय रुतणाऱ्या वाळूतून चालावे लागते. म्हणून यजमानाला विचारायचा प्रश्न ‘सी-टच आहे का?’ हा नव्हे, तर ‘खोलीच्या दारापासून वाळूपर्यंत चालत किती मिनिटे, आणि वाटेत पायऱ्या किती?’ हा आहे.

छायाचित्रांवरचा विश्वासही असाच बेतानेच ठेवावा लागतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगर परिसरातल्या पोफळी मोठ्या संख्येने उन्मळल्या; त्याआधीच्या छायाचित्रातली गर्द सावली आज तशीच असेल, असे गृहीत धरता येत नाही. पोफळ फळाला यायलाच कित्येक वर्षे जातात.

पाण्याला जितके जवळ तितके घर चांगले, हा समज कायद्याच्या अंगानेही तपासण्याजोगा आहे. १९९१ मध्ये केंद्र सरकारने पहिली किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना, म्हणजेच बोलीतले ‘सीआरझेड’, काढली आणि ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा नव्या बांधकामासाठी बंद केला. भरतीरेषा म्हणजे उधाणाचे पाणी जमिनीवर जिथवर चढते ती रेषा. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागांत, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक लोकसंख्या असलेल्या ठिकाणी, हे अंतर ५० मीटरवर आणले, मात्र उरलेल्या ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटरच ठेवले. याच अधिसूचनेने स्थानिकांना आपल्या राहत्या घरात पाहुणे ठेवण्याची मुभा दिली आहे, ती जोत्याचे क्षेत्रफळ, रचना आणि दर्शनी भाग न बदलण्याच्या अटीवर. त्यामुळे लाटांपासून हाकेच्या अंतरावरचे जुने कौलारू घर आणि तेवढ्याच अंतरावर मोकळ्या जागेत नव्याने उभा राहिलेला, तरणतलाव असलेला बंगला यांत कायद्याच्या दृष्टीने फार अंतर असू शकते. बांधकाम अनधिकृत ठरून कारवाई झाली, तर पाहुण्याचा थेट संबंध उरतो तो अडकलेल्या आगाऊ रकमेशी.

समुद्र दिवसभर खिडकीसमोर असतो, ही कल्पना भरती-ओहोटीचा विचार न करता केलेली असते. दोन भरतींमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे जात असल्यामुळे भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. मुंबईजवळ उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरतीच्या, दिवशी पाण्याच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. दक्षिणेकडे जाताना तो कमी होत गोव्याला साधारण दोन मीटरवर येतो. अलिबागेस ओहोटीच्या वेळी लोक कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जातात आणि भरतीत त्याच वाटेवर होडी लागते, यावरून उत्तर कोकणात पाणी किती मागे हटते याचा अंदाज यावा. पाण्याची वेळ काढण्याचे कोकणातले जुने गणित आजही उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा ढोबळ तास मिळतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून दुपारच्या आधी भरती आणि संध्याकाळी मुलांना खेळायला लांबरुंद ओली वाळू. अष्टमीच्या आसपास ‘भांग’ असल्याने पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. सुट्टीच्या तारखा ठरवताना पंचांग, निदान भिंतीवरचे कॅलेंडर, पाहण्याचा हा खरा व्यावहारिक उपयोग आहे, आणि तो बहुतेक कुटुंबे करत नाहीत याचे नवल वाटते.

याच्याच जोडीचा, पण जिवावर बेतणारा गैरसमज म्हणजे जिथे लाटा फुटत नाहीत तो शांत दिसणारा पट्टा लहान मुलांसाठी सुरक्षित असतो. किनाऱ्यावर आलेले पाणी परत फिरताना वाळूतल्या खोलगट वाटेने वेगाने आत जाते, आणि ती वाट खोल असल्यामुळेच तिथे लाटा कमी फुटतात. हा प्रवाह माणसाला तळाशी खेचत नाही, तर समुद्रात आत नेतो, म्हणून त्यात सापडलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने झुंजण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडायचे असते. गणपतीपुळ्यासारख्या, तीव्र उताराच्या किनाऱ्यावर दोन पावलांत खोली वाढते. जीवरक्षक कोणत्या वेळेत असतात, ही चौकशी वातानुकूलनाच्या चौकशीआधी व्हावी.

होम-स्टे म्हणजे स्वस्त हॉटेल, असे मानून आलेल्या पाहुण्यांचा हिरमोड बहुधा जेवणावरून होतो. केंद्र सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत जास्तीत जास्त सहा खोल्या आणि मालकाचे कुटुंब त्याच वास्तूत राहते ही अट आहे. म्हणजे स्वयंपाकघर घरचे, आणि घरच्या रीतीने चालणारे. मासळी सकाळच्या किंवा संध्याकाळच्या लिलावात काय आली यावर ताटात सुरमई की बांगडा हे ठरते, उकडीच्या मोदकांची ऑर्डर आदल्या दिवशी द्यावी लागते, आणि रात्री दहाला पोहोचून जेवण मागणे हा यजमानीणबाईंवर अन्याय असतो. दर खोलीमागे आहे की माणशी, माणशी असल्यास त्यात किती जेवणे, आणि मुलांचा अर्धा आकार कितव्या वर्षापर्यंत, हे तिन्ही आधी विचारले नाही, तर स्वस्त वाटलेला दर सात जणांच्या कुटुंबाला महाग पडतो. परदेशातून आलेले आप्त बरोबर असतील, तर परदेशी पारपत्रावर आलेल्या पाहुण्याची माहिती यजमानाने २४ तासांत ऑनलाइन कळवायची असते, सगळ्याच यजमानांना ती सवय नसते, त्यामुळे हा विषय आधी काढलेला बरा.

पावसाळ्यात सर्व काही बंद असते, हेही अर्धेच खरे. जलक्रीडा आणि गेटवे-मांडवा प्रवासी बोटी मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत बंद राहतात, यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै थांबते, घरे मात्र बहुतांशी चालू असतात आणि दरही उतरलेले असतात.

पैशाच्या बाबतीत दोन परस्परविरोधी समज एकाच वेळी नांदतात: थेट मालकाशी बोलल्यास नेहमी स्वस्त पडते, आणि संकेतस्थळावरून केलेलेच बुकिंग सुरक्षित असते. जीएसटीची नोंदणी बंधनकारक नसलेल्या छोट्या यजमानाच्या खोलीवरचा कर, ती संकेतस्थळावरून दिली गेल्यास, त्या संकेतस्थळाला भरावा लागतो, आणि थेट व्यवहारात तो लागतच नाही; दरातल्या फरकाचे एक कारण हे आहे. पण थेट व्यवहारात समोरचा खरोखर मालक आहे की दुसऱ्याच घराची छायाचित्रे वापरणारा भामटा, याची खातरजमा पाहुण्यालाच करावी लागते. व्हिडिओ कॉलवर घराचे दार, अंगण आणि समोरचा रस्ता सलग दाखवायला सांगावे, यूपीआयवर पैसे स्वीकारणाऱ्याचे नाव घराच्या मालकाशी जुळते का ते पाहावे, आणि ‘परतावा घेण्यासाठी पिन टाका’ असे कोणी म्हटल्यास तिथेच थांबावे, कारण पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तातडीने कळवल्यास रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता असते.

‘आगाऊ रक्कम परत मिळणार नाही’ असे पावतीवर छापले की विषय संपला, असेही नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतल्या त्रुटीबद्दलची तक्रार ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. पुण्याच्या कुटुंबाला त्यासाठी मालवणला खेपा घालाव्या लागत नाहीत. मात्र पाहुण्याने स्वतःहून बेत रद्द केला, तर त्यात यजमानाची त्रुटी सहसा नसते, आणि तिथे आधी ठरलेली अटच लागू होते. म्हणून आठ दिवस आधी रद्द केल्यास किती परत, आदल्या दिवशी रद्द केल्यास किती, आणि वादळाचा इशारा आल्यास काय, ही तीन उत्तरे पैसे पाठवण्यापूर्वी व्हॉट्सॲपवर लिहून मागवावीत, आणि तो संदेश मुक्काम संपेपर्यंत पुसू नये.