जीर्णोद्धार एका स्थानकाचा

देवळाचा जीर्णोद्धार केव्हा पुरा होतो? शिखराला नवा चुना लागला आणि पडकी भिंत उभी राहिली, एवढ्याने गावाचे समाधान होत नाही. गाभाऱ्यात दिवा लागला पाहिजे, सभामंडपात माणसे बसली पाहिजेत. तेव्हाच देऊळ पुन्हा उभे राहिले असे लोक म्हणतात. हा न्याय थोड्याफार फरकाने प्रत्येक जुन्या वास्तूला लागू पडतो, आणि लंडनमधील सेंट पँक्रस या रेल्वे स्थानकाच्या इतिहासात तो फार स्पष्टपणे पाहावयास मिळतो.

ज्यांनी मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस पाहिले आहे, त्यांना सेंट पँक्रसचा दर्शनी भाग अगदीच अनोळखी वाटणार नाही. टोकदार कमानी, आकाशात घुसलेले मनोरे आणि उंचावरचे घड्याळ असा गॉथिक पद्धतीचा थाट दोहोंकडे आहे. दोन्हींत सेंट पँक्रस वयाने थोरले. मुंबईचे स्थानक एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने १८७८ नंतरच्या दशकात उभारले, आणि त्यावर लंडनच्या या वास्तूची छाप असल्याचे जाणकार सांगत आले आहेत.

हे थोरले स्थानक बांधले मिडलंड रेल्वे या कंपनीने. तिचे मुख्य ठाणे लंडनपासून दूर, डर्बी येथे होते. तिच्या गाड्या लंडनमध्ये शिरत त्या दुसऱ्या एका कंपनीच्या रुळांवरून, आणि त्याबद्दल भाडे भरून. १८६२ साली लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. त्या वेळी या रुळांवर इतकी कोंडी झाली की, परक्याच्या अंगणातून वाट काढणे पुरे झाले असे ठरवून मिडलंड कंपनीने स्वतःचा मार्ग आणि स्वतःचे स्थानक बांधावयास घेतले.

हा मार्ग रिकाम्या जमिनीवरून जाणारा नव्हता. वाटेतील ॲगर टाउन ही गरिबांची वस्ती नाहीशी झाली. हजारो लोक बेघर झाले, आणि आठवड्याच्या भाड्याने राहणाऱ्यांच्या हाती काहीच पडले नाही. पुढे रूळ जुन्या सेंट पँक्रस चर्चच्या दफनभूमीत शिरले. तेथील अवशेष हलवण्याच्या कामावर देखरेख करणारा तरुण साहाय्यक वास्तुविशारद म्हणजे थॉमस हार्डी, इंग्रजीतला पुढचा थोर कादंबरीकार. स्थानकाच्या वैभवाचे वर्णन करताना ही किंमतही हिशेबात धरावयास हवी.

स्थानकाचा अभियंता विल्यम हेन्री बार्लो. त्याच्यापुढे पहिलीच अडचण रीजंट्स कालव्याची होती. शेजारच्या किंग्ज क्रॉस स्थानकाचे रूळ कालव्याच्या खालून जातात. बार्लोने आपले रूळ कालव्यावरून नेले. त्यामुळे स्थानकात पोहोचेपर्यंत ते रस्त्याहून जवळजवळ एक मजला उंच राहिले. फलाटांखालची पोकळी मातीच्या भरावाने बुजवावी असा विचार प्रथम होता. परंतु भर शहरातील एवढी जागा मातीच्या स्वाधीन करणे व्यवहाराला धरून नव्हते. मिडलंड कंपनीच्या मुलखात बर्टन हे बिअरसाठी नावाजलेले गाव होते, आणि तेथील पिंपे लंडनला पोहोचवणे हा कंपनीचा मोठा धंदा होता. तेव्हा पोकळीत सुमारे आठशे लोखंडी खांब उभारून तळघर करण्यात आले. दोन खांबांमधील अंतर ठरवले ते बिअरच्या पिंपाच्या मापाने! भरलेल्या वाघिणी पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या पाळण्यातून वरून थेट तळघरात उतरत.

या तळघराने छतालाही आधार दिला. कोणतीही कमान आपली दोन्ही टोके बाहेर ढकलत असते, आणि तो रेटा थोपवण्यास एरव्ही जाड भिंती लागतात. बार्लोने तळघरावरच्या लोखंडी तुळयांनाच कमानीची टोके बांधून टाकली. धनुष्याची दोरी जशी दांडीला आवळून धरते, तशा या तुळया कमानीला आवळून धरतात. त्यामुळे मध्ये एकही खांब न घेता सुमारे २४० फूट रुंद, १०० फूट उंच आणि ६८९ फूट लांब असे छत उभे राहिले. एका कमानीत एवढी रुंदी व्यापणारे छत तेव्हा जगात दुसरे नव्हते. १ ऑक्टोबर १८६८ रोजी स्थानक सुरू झाले. समोरची तांबड्या विटांची इमारत जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याची. तीत १८७३ साली मिडलंड ग्रँड हॉटेल उघडले.

हे वैभव फार काळ टिकले नाही. हॉटेलात खोल्या शेकडो, पण स्नानगृहे मोजकी होती. पुढच्या पिढीतील पाहुण्यांना खोलीला लागून स्नानगृह हवे होते, आणि आगीपासून संरक्षणासाठी केलेल्या जाड तक्तपोशीतून नळ नेणे फार खर्चाचे होते. १९३५ साली हॉटेल बंद झाले आणि तेथे रेल्वेच्या कचेऱ्या आल्या. दुसऱ्या महायुद्धात स्थानकावर बाँब पडले. काजळीने विटा काळवंडल्या. बिअरची वाहतूक रस्त्याने होऊ लागल्यावर तळघराचे कामही संपले.

१९६० नंतरच्या काळात अशा वास्तूंना ओझे समजण्यात येऊ लागले. यूस्टन स्थानकापुढील भव्य दगडी द्वार १९६१-६२ मध्ये पाडले गेले. १९६६ साली किंग्ज क्रॉस आणि सेंट पँक्रस ही स्थानके एकत्र करण्याची योजना पुढे आली, आणि आता पाळी सेंट पँक्रसची हे स्पष्ट झाले. परंतु यूस्टनचा घाव ताजा होता. कवी जॉन बेट्जमन, कलेतिहासकार निकोलाउस पेव्हस्नर आणि व्हिक्टोरियन सोसायटी यांनी लोकमत जागे केले. नोव्हेंबर १९६७ मध्ये सेंट पँक्रसला पहिल्या श्रेणीचे कायदेशीर संरक्षण मिळाले.

पाडणाऱ्यांचा हात कायद्याने धरला. पण वास्तूला काम मिळवून देणे कायद्याच्या हाती नव्हते. नंतरची वर्षे उपेक्षेचीच गेली. १९७० नंतरच्या दशकात फलाटावरचे प्रचंड घड्याळ एका अमेरिकन संग्राहकाला अडीच लाख पौंडांना विकले गेले. उतरवताना ते खाली पडून फुटले. एका रेल्वे कर्मचाऱ्याने ते तुकडे २५ पौंडांना विकत घेतले, घरी नेले आणि जोडून आपल्या गोठ्याच्या भिंतीवर बसवले. १९८० नंतर तर अग्निसुरक्षेच्या कारणास्तव कचेऱ्याही हलल्या आणि समोरची इमारत ओस पडली.

काम आले ते समुद्रापलीकडून. १९९४ साली इंग्लंड आणि फ्रान्स यांना जोडणारा खाडीखालचा बोगदा सुरू झाला. पॅरिसच्या गाड्या प्रथम लंडनच्या वॉटर्लू स्थानकात येत. त्यांच्यासाठी नवा वेगवान मार्ग आखण्यात आला तेव्हा त्याचे शेवटचे ठिकाण म्हणून सेंट पँक्रसची निवड झाली. आणि येथेच बार्लोचे तळघर उपयोगी पडले. परदेशी जाणाऱ्या प्रवाशांना तपासणीसाठी, सामानासाठी आणि प्रतीक्षेसाठी मोठी जागा लागते. भर लंडनमध्ये ती कोठून आणावयाची? ती फलाटांखाली शंभरावर वर्षे तयारच होती. फलाटांच्या तळाला मोठे झरोके पाडून वरचा उजेड खाली आणण्यात आला आणि पिंपांच्या जागी प्रवासी बसू लागले.

वेगवान गाडीची लांबी सुमारे ४०० मीटर, म्हणजे जुन्या छताच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून उत्तरेकडे सपाट छताचा नवा भाग जोडला. जुन्या कमानीची नक्कल करण्याचा मोह टाळला. रंगाचे थर खरवडून जुनी फिकट निळी छटा शोधली आणि लोखंडाला पुन्हा तोच रंग दिला. घड्याळ नव्याने घडवताना गोठ्याच्या भिंतीवरचे जुने घड्याळच नमुना म्हणून उपयोगी पडले. सुमारे ८० कोटी पौंड खर्चून झालेल्या या स्थानकाचे ६ नोव्हेंबर २००७ रोजी राणी एलिझाबेथ यांनी उद्‌घाटन केले आणि १४ नोव्हेंबरपासून गाड्या धावू लागल्या. फलाटाच्या मजल्यावर डोक्यावरची टोपी सावरीत छताकडे पाहणारा बेट्जमनचा पुतळा आहे. तो स्वतः १९८४ साली वारला. हा दिवस त्याला दिसला नाही.

आज येथून पॅरिस, ब्रुसेल्स आणि ॲम्स्टरडॅमला गाड्या जातात. केंट परगण्यात जलद गाड्या जातात. आणि डर्बी, नॉटिंगहॅम, शेफील्डच्या गाड्याही सुटतात. ज्या गावांसाठी स्थानक बांधले त्यांचा संबंध तुटलेला नाही. तळमजल्यावर दुकाने आहेत, आणि कोणीही बसून वाजवावा असा पियानो ठेवलेला आहे. २०११ साली हॉटेलही पुन्हा उघडले. वरच्या मजल्यांवर कुटुंबे राहू लागली. दिवा लागला, माणसे आली.

१९६७ सालच्या संरक्षणापासून २००७ सालच्या पहिल्या गाडीपर्यंत चाळीस वर्षे गेली. ज्यांनी इमारत वाचवली त्यांना ती पुढे कशाला उपयोगी पडेल हे ठाऊक नव्हते, आणि ज्याने पिंपांच्या मापाने खांब रोवले त्यालाही ते ठाऊक असणे शक्य नव्हते. वास्तू उभी राहिली एवढ्यानेच पुढच्या पिढीला तिचा उपयोग शोधण्याची संधी मिळाली. पाडून टाकलेल्या यूस्टनच्या द्वाराला ती कधीच मिळाली नाही.

मुंबईच्या धाकट्या स्थानकाला २००४ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. त्या दिवशीही तेथून लोकल गाड्या नेहमीप्रमाणे सुटतच होत्या. थोरल्याला चाळीस वर्षे ज्याची वाट पाहावी लागली ते काम धाकट्याच्या हातून कधी सुटलेच नाही. दगडाची निगा राखताना हे भाग्यही तितक्याच काळजीने जपावयास हवे.