कड्यावरचा गुरुजी

भोर-वेल्ह्याच्या मुलाला डोंगर चढायला शिकवावे लागत नाही. गुरांमागे हिंडता हिंडता तो कातळाला सरावतो. मग अशा मुलाला प्रस्तरारोहणाचा, म्हणजे कडे चढण्याचा, शिक्षक व्हायचे असेल तर परीक्षा कशाला हवी, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. स्वतः चढणे वेगळे आणि दुसऱ्याच्या मुलाला चढवून सुखरूप खाली आणणे वेगळे. परीक्षा असते ती या दुसऱ्या गोष्टीची.

आपल्या देशात या शिक्षणाची वाट ठरलेली आहे. दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था १९५४ साली निघाली आणि उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ साली. तेथे आधी सुमारे चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम करायचा. त्यात ‘अ’ श्रेणी मिळाली, की प्रगत अभ्यासक्रम. त्यातही ‘अ’ श्रेणी मिळाली, तरच शिकवण्याच्या पद्धतीचा, ‘मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन’चा, अभ्यासक्रम करता येतो. म्हणजे तयारी पहिल्या दिवसापासूनच हवी.

ही तयारी घरच्या ओसरीवरही सुरू होते. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी एक गाठ असते. ती अंधारात, थंडीने बोटे आखडली असतानाही बिनचूक बसली पाहिजे. आणि नुसती बसून भागत नाही. ती अशी का मारायची, हे दहा वर्षांच्या पोराला कळेल अशा शब्दांत सांगता आले पाहिजे. दोर एकाच आधाराला बांधू नये; एक निसटला तरी दुसऱ्याने भार पेलावा. दोर सोडून उतरताना त्याच्या खालच्या टोकाला गाठ हवी, नाहीतर दोर संपल्याचे कळण्याआधीच माणूस त्यातून सुटतो. आणि कोणी चढू लागण्यापूर्वी दोघांनी एकमेकांचे पट्टे, गाठ, हेल्मेट हात लावून पाहायचे. रोजचे आहे म्हणून हे टाळायचे नाही. सवयीच्या माणसाचाच घात होतो, हे आपण विहिरीवर आणि झाडावरही पाहतो.

आपला कातळ काळा बसाल्ट. लाव्हाच्या थरावर थर साचून तो बनला. काही थर पोलादासारखे, तर काही ठिसूळ. म्हणून धरण्यापूर्वी दगड हाताने ठोकून पाहावा. पोकळ आवाज आला तर त्याच्यावर भार देऊ नये. पावसाळ्यात शेवाळ, पावसानंतर घसरडे गवत, आणि कपारीत आग्या मोहोळ! मोहोळ दिसले, की जागा बदलावी. सराव गडाच्या तटा-बुरुजांवर कधीही करू नये. राजगड २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. पण त्याआधीही ते बांधकाम आपल्या वाडवडिलांचेच होते.

परीक्षकाची नजर आणखी एका गोष्टीवर असते. मूल मध्येच घाबरून रडू लागले तर शिक्षक काय करतो? ओरडतो, हसतो, की शांतपणे पुढचा पाय कुठे ठेवायचा ते सांगतो? आभाळ भरून आले, तर “आज नाही, परत चला” असे म्हणण्याचे धैर्य त्याच्यापाशी आहे का? सगळ्यांत अवघड धडा हाच. कारण मुले हिरमुसतात, आणि पैसे देणारेही नाराज होतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेची सहल कड्यावर नेणार असाल तर पुढाऱ्याला तीन प्रश्न जरूर विचारा: तुम्ही कुठे शिकलात, दोराचे वय काय, आणि कोणी जखमी झाले तर खाली कसे आणणार? जाणता माणूस या प्रश्नांनी रागावत नाही. तो दोर तुमच्या हातात देतो आणि म्हणतो, “पाहा गुरुजी, तुम्हीच तपासा.”

या खोऱ्यातल्या पोरांपाशी पाय आहेत, छाती आहे, डोंगराची ओळख आहे. त्यांच्यात शिस्तीची भर पडली, तर बाहेरून येणाऱ्यांचे सामान वाहण्याऐवजी तीच पोरे त्यांचे गुरुजी होतील.